आडनाव पाटील, पण कुळ कोणतं?

पाटलाचा मुलगा आणि पाटलाची मुलगी यांची लग्नं खान्देशात प्रत्येक मुहूर्ताला लागतात. निकमांचं निकमांत किंवा देवऱ्यांचं देवऱ्यांत मात्र सहसा जुळवत नाहीत. आडनावाचं मूळ शोधायला निघालेल्याने सगळ्यात आधी हीच परीक्षा लावावी. ज्या आडनावात आपसांत सोयरीक होते ते हुद्द्याचं, धंद्याचं, जातीचं किंवा गावाचं असतं आणि त्याच्याखाली जुनं कुळनाव दडलेलं असतं. ज्या आडनावात सोयरीक टाळतात ते बहुधा कुळनावच असतं. ही एक गोष्ट ठरली की पुढचा शोध कुठे घ्यायचा हेही ठरतं.

बरेच जण याच्या उलट करतात. इंटरनेटवर ‘पाटील आडनावाचा इतिहास’ शोधतात, ताम्रपटांतल्या ‘पट्टकील’ शब्दापर्यंत पोचतात आणि आपलं घराणं सापडलं असं समजतात. तिथे सापडतो तो हुद्द्याचा इतिहास. हा हुद्दा कोल्हापुरातही होता, वऱ्हाडातही होता, आणि त्या सगळ्या पाटलांचा एकमेकांशी रक्ताचा काही संबंध नाही. फार लांब कशाला, खान्देशातलेच पाटील घ्या. अमळनेर-पारोळ्याकडे मराठा पाटील, यावल-रावेर-भुसावळ पट्ट्यात लेवा पाटील, शहाद्याकडे गुजर पाटील, शिवाय राजपुतांत पाटील आहेत आणि कोळ्यांतही आहेत. एकाच शाळेच्या हजेरीपटावर पाच पाटील असतील तर ते पाच वेगवेगळ्या समाजांचे असू शकतात.

एवढे पाटील आले कुठून

गावाला पाटील एक, मग घरं चाळीस-चाळीस कशी, हा प्रश्न नेहमी येतो. त्याचं उत्तर वतनाच्या वाटणीत आहे. पाटीलकी वंशपरंपरागत होती आणि जमिनीसारखीच ती भावांत वाटली जायची. या वाट्याला तक्षीम म्हणत. दोन भावांच्या दोन तक्षिमा, त्यांच्या मुलांच्या आणखी, असं होत चार-पाच पिढ्यांत अर्धं गाव वतनात हिस्सेदार व्हायचं. प्रत्यक्ष काम पाळीपाळीने एकच जण करायचा, पण ‘पाटील’ म्हणवून घ्यायचा हक्क सगळ्या भाऊबंदांचा. १८७४च्या वतन कायद्याने या हिस्सेदारांची सरकारी नोंद झाली. मुलकी, म्हणजे सारावसुली पाहणाऱ्या पाटलांची वतनं १ जानेवारी १९६३पासून संपली. त्यानंतर गावात उरला तो पोलीस पाटील. ती नेमणूक आहे, वतन नाही. म्हणून आज पोलीस पाटील कोण आहे यावरून जुन्या वतनाबद्दल काहीही अनुमान काढू नये.

दुसरी वाट शाळेतून आली. जुन्या कागदांत शेतकऱ्याच्या नावाला आडनाव लावायची रीत फारशी नव्हती. ‘तुकाराम वलद रामजी, जात कुणबी’ एवढ्यावर काम भागायचं. मुलगा शाळेत घातला की दाखल्यासाठी तिसरं नाव लागायचं. कोणी कुळ सांगितलं, कोणी मानाने ‘पाटील’ सांगितलं, आणि कोणाच्या बाबतीत मास्तरांनीच जात किंवा धंदा आडनावाच्या रकान्यात भरला. म्हणून सख्ख्या भावांपैकी एक पाटील आणि दुसरा भामरे असं दिसतं. चुलत घराण्यांत तर हे सर्रास सापडतं. अशा वेळी कोणाचं ‘खरं’ यावर वाद घालण्यात अर्थ नाही. दोन्ही नोंदी जपून ठेवाव्यात, कारण त्यांच्यामुळेच पाटील म्हणजे कोणतं कुळ हे सिद्ध होतं.

गावात वतनदार पाटलाचं घर आणि नुसतं पाटील आडनावाचं घर यांतला फरक अजून कळतो. पोळ्याला मानाचा बैल कोणाचा, होळी कोणाच्या हातून पेटते, गावदेवाच्या उत्सवात पहिला मान कोणाला, पडकी गढी कोणाच्या नावावर आहे, हे विचारा. मानाच्या घरात वतनाचे कागद किंवा निदान जुन्या तंट्याचे निकाल असण्याची शक्यता जास्त. पाटीलकीवरून भाऊबंदांत कज्जे खूप झाले आणि प्रत्येक कज्ज्यात दोन्ही बाजूंनी आपापली वंशावळ मांडलेली असते. भांडकुदळ घराण्याचा इतिहास शांत घराण्यापेक्षा जास्त सापडतो, तो यामुळे.

चौधरी, महाजन, वाणी, सोनार

पाटलासारखंच चौधरी आणि महाजन या आडनावांचं आहे. चौधरी हा परगण्यातला, म्हणजे जुन्या काळच्या गावांच्या गटातला, किंवा व्यापारातला प्रमुख, महाजन हा पेठेतला. कवयित्री बहिणाबाई आसोद्याच्या महाजनांकडे जन्मल्या आणि जळगावच्या चौधरींकडे दिल्या गेल्या. दोन्ही घरं लेवा समाजाची. पण एरंडोलकडे महाजन म्हटलं की बहुतेक वेळा माळी समाज समोर येतो, आणि चौधरी तेल्यांतही आहेत, गुजरांतही आहेत. म्हणजे या आडनावावरून समाज ठरत नाही आणि समाज कळला तरी कुळ ठरत नाही. लेवा समाजात पाटील-चौधरींच्या जोडीला भोळे, नारखेडे, नेमाडे, कोल्हे, झोपे, फालक, बेंडाळे, भंगाळे, बऱ्हाटे अशी आडनावं आहेत, आणि पाटील-चौधरी लावणाऱ्या बऱ्याच घरांचं जुनं आडनाव याच यादीत निघतं.

देशमुख, देशपांडे ही परगण्याची वतनं आणि कुळकर्णी हे गावचं. ही १९५०च्या कायद्याने गेली. वतन परगण्याचं असल्याने देशमुख, देशपांडे घराण्याचं मूळ एका गावात न शोधता परगण्याच्या कसब्यात, म्हणजे मुख्य गावात शोधावं.

गिरासे हे शिंदखेडा, दोंडाईचा, शिरपूर भागातलं राजपूत आडनाव. त्याचा संबंध ‘गिरास’ या हक्काशी आहे. गावांकडून दरसाल ठरावीक रक्कम घेण्याचा हा हक्क इंग्रजी अमलातल्या खान्देशच्या कागदांतही येतो. तेव्हा गिरासे हेही कुळनाव नव्हे.

धंद्याचं किंवा जातीचं नाव थेट आडनाव म्हणून लावायची चाल खान्देशात फार आहे. वाणी, सोनार, शिंपी, माळी, कोळी, तेली, बारी, भोई, न्हावी, कुंभार, सुतार, भावसार, धनगर, मराठे, राजपूत, परदेशी. यांतही सोयरीक आपसांतच होते, त्यामुळे पहिल्याच परीक्षेत ती बाजूला पडतात. खाली गेलं की सोनारांत विसपुते, दुसाने, वाण्यांत कोठावदे, येवले, अमृतकर, नेरकर अशी नावं निघतात. दुसाने हे साक्री तालुक्यातलं गाव आहे, नेर हे धुळ्याजवळ पांझरेकाठी.

‘कर’ लागलेल्या आडनावांबद्दल एक व्यवहारी गोष्ट ध्यानात ठेवावी. नेरमध्ये राहणाऱ्याला कोणी नेरकर म्हणत नाही. नेर सोडून दुसऱ्या गावात दुकान टाकलं की तिथले लोक नेरकर म्हणू लागतात. म्हणून नेरकरांचे भाऊबंद नेरला शोधले तर ते वाणी किंवा दुसऱ्याच एखाद्या आडनावाने सापडतील. शोधायचं असतं ते गाव सोडण्याआधीचं आडनाव, आणि त्यासाठी गाव नेमकं कोणतं हे आधी पक्कं करावं लागतं. पिंप्री, पिंपळगाव, बोरगाव, निमगाव या नावांची गावं इतकी आहेत की बुद्रुक, खुर्द आणि ‘प्र.’ पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. जळगावजवळ शिरसोली प्र. न. आणि शिरसोली प्र. बो. अशी दोन लागूनची गावं आहेत, ‘प्र.’ म्हणजे प्रगणे, आणि पुढचं अक्षर त्या जुन्या परगण्याचं. आज ही अक्षरं पत्त्यात कोणी लिहीत नाही, पण दप्तराच्या खोलीत गठ्ठे त्यांनुसारच वेगळे केलेले असतात.

कुळनावं आणि राजघराणी

निकम, देवरे, भामरे, अहिरराव, साळुंखे, सोनवणे, बागूल, पवार, मोरे, बोरसे, भदाणे. ही कुळनावं, आणि इथे मोह सुरू होतो. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाला दिलेलं दान त्यात नोंदलं आहे आणि दान देणारे निकुंभ राजे आहेत. निकुंभ आडनाव खान्देशात आजही आहे, आणि निकम हे त्याचंच रूप असं मानतात. बागलाणात मुल्हेरला बागूल राजे होते. १६३८मध्ये औरंगजेबाच्या फौजेने ते राज्य घेतलं. साळुंखे-सोळंकी-चालुक्य ही साखळी तर सगळ्यांच्या तोंडी आहे.

नावांतलं साम्य खरं आहे. पण त्यावरून आपल्या पणजोबापासून थेट राजापर्यंत रेघ ओढता येत नाही, आणि ती ओढू नये असं माझं ठाम मत आहे. बागूल आडनाव मराठ्यांत आहे, सोनारांत आहे, बौद्धांत आहे, आदिवासींतही आहे. पवार, मोरे, सोनवणे, गायकवाड, अहिरे यांचंही तसंच. एका नावाखाली वेगवेगळे समाज येण्याची कारणं अनेक. सरदाराच्या पदरी असलेल्यांनी त्याचं नाव घेतलं, एका मुलखाचं नाव तिथे राहणाऱ्या सगळ्यांना लागलं, कुळं फुटून वेगळ्या धंद्यांत गेली. आडनाव सारखं म्हणून भाऊबंद, हे जितकं चूक तितकंच समाज वेगळा म्हणून मूळ वेगळंच, हेही घाईचं.

नंदुरबारकडे चित्र बरंच वेगळं आहे. वळवी, वसावे, पाडवी, गावित ही आडनावं अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर भागात गावंच्या गावं व्यापून आहेत. ही कुळनावं आहेत आणि कुळात लग्न न करण्याचा नेम तिथे आजही पाळतात. त्यामुळे या घरांचा शोध कुळाच्या देवापासून आणि कुळाच्या मूळ गावापासून सुरू करता येतो. ‘पावरा’ मात्र समाजाचं नाव आडनावाच्या जागी बसलेलं आहे; त्याच्या आत वेगळी कुळं आहेत आणि ती घरातले वडीलधारेच सांगू शकतात. नाईक हा हुद्दा. तडवी हाही मुळात गावातल्या प्रमुखाचा हुद्दा, आणि रावेर-यावल-चोपड्याच्या सातपुड्यालगत तो मुस्लीम भिल्ल समाजाचं नाव आणि आडनाव, दोन्ही झाला.

घरातून सुरुवात

कागदाकडे धाव घेण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्क बाईला विचारा. पुरुषाला आपलं आडनाव माहीत असतं. बाईला दोन्हीकडची कुळं, मामेकुळं, कोणाकडे सोयरीक करायची नाही आणि कोणाचं सुतक धरायचं हे पाठ असतं. लग्नाच्या जुन्या परिचयपत्रकांत ‘कुळ’ आणि ‘मामेकुळ’ असे रकाने असतात. पाटील आडनावाच्या घरात ते पत्रक म्हणजे अर्धं उत्तर.

त्यानंतर कानबाईचे रोट, म्हणजे खान्देशातल्या या देवीचा गव्हाच्या जाड पोळ्यांचा नैवेद्य. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी तिची मिरवणूक नदीवर जाते. बऱ्याच घरांत रोटाचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ मोजून घेतात, आणि रोटाचा प्रसाद भाऊबंदकीबाहेर देत नाहीत. तुमचे रोट कोणाबरोबर होतात, पूर्वी कोणाबरोबर होते आणि कधी वेगळे झाले, ही तीन उत्तरं लिहून घ्या. आडनावं बदलली तरी रोट सहसा बदलत नाहीत. पाटील, सोनवणे आणि मराठे अशी तीन आडनावांची घरं एका रोटात असतील तर ती एका मूळ पुरुषाची असण्याचा हा जोरदार पुरावा आहे. सुतकाचंही तेच: दहा दिवस कोण पाळतं आणि कोण नुसती आंघोळ करून मोकळं होतं, यावरून जवळचे-लांबचे भाऊबंद वेगळे होतात.

कुलदैवत तिसरं. म्हसदीची धनदाई देवरे आणि इतर कितीतरी कुळांची. धुळ्याची एकवीरा, वणीची सप्तशृंगी, आडगावची मनुदेवी, पाटणादेवी या देवी मात्र इतक्या कुळांच्या आहेत की त्यांच्यावरून एकट्याने निष्कर्ष निघत नाही. देवी, देवक (लग्नात पूजतात ते कुळाचं चिन्ह) आणि रोट ही तिन्ही जुळली तरच कुळ एक धरावं. लेवा समाजात याच्या जोडीला पाडळशाच्या भोरगाव लेवा पंचायतीची गावरचना आहे. आपलं गाव त्यात कुठे बसतं, हे पाहिलं की घराण्याचा मूळ पट्टा लवकर कळतो.

तीर्थोपाध्यांच्या नामावळ्या विसरू नका. नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रकाशे, गया, हरिद्वार. दशक्रियेला किंवा अस्थी घेऊन गेलेल्याने तिथल्या चोपडीत सही केलेली असते, आणि सोबत बाप, आजा, भाऊ यांची नावं. जाताना गाव, तालुका, समाज, आणि वडिलांचं व आजोबांचं नाव लिहून न्या, कारण उपाध्याय गावानुसार वाटलेले असतात. फक्त ‘पाटील, जळगाव’ सांगितलंत तर काही सापडणार नाही. नव्या पानांवर पाटील आणि तीन पिढ्या मागच्या पानावर कुळनाव, असं पुष्कळदा दिसतं. फोटो काढण्यापूर्वी परवानगी घ्या आणि दक्षिणा आधी ठरवा.

कागद

पहिला कागद प्राथमिक शाळेचा जनरल रजिस्टर. जुन्या लोकल बोर्डाच्या शाळांचे रजिस्टर आज जिल्हा परिषदेच्या शाळेत असतात. आजोबांसोबत त्यांच्या सगळ्या भावांचे आणि चुलत्यांचे उतारे मागा, कारण आडनावातला फरक तिथेच दिसतो. दुसरा, गाव नमुना नंबर १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, जिला कोतवाल बुक म्हणतात. ती तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळते. तिच्यात आडनाव क्वचित, पण बापाचं नाव आणि जात असते. तिसरा, फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांची नोंद. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३चा, त्यामुळे फेरफार त्याच्या मागे जात नाहीत. वारसाचा फेरफार सर्वांत मोलाचा: मयताचं नाव, तारीख, आणि सगळे वारस एका जागी. स्कॅन केलेले जुने सातबारे आणि फेरफार भूमी अभिलेखाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर पाहता येतात. न सापडल्यास गट नंबर घेऊन शोधू नका. जुना सर्व्हे नंबर घेऊन शोधा. जमिनींच्या एकत्रीकरणात गट नंबर नव्याने पडले आणि जुने कागद जुन्याच नंबराखाली आहेत.

वाचताना अडतं ते लहान लहान शब्दांवर. ‘वलद’ आणि ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. ‘सखूबाई कोम तुकाराम’ यात तुकाराम हा बाप समजलात तर अख्खी पिढी चुकते. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता: नावापुढे ही अक्षरं असतील तर मुलगा तेव्हा लहान होता आणि पुढचं नाव पालकाचं आहे. ते बहुधा आईचं किंवा चुलत्याचं असतं, बापाचं नव्हे. ‘ए.कु.मॅ.’ हा एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्याच्या एकट्याच्या नावावर जमीन दिसली तरी भाऊ होते असं धरून पुढे जा.

जुने कागद मोडीत आहेत. मोडीत शब्द न तोडता सलग लिहितात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, म्हणून पाटिल-पाटील हा फरक कधीही पुरावा होत नाही. शिवाय कारकून कानाने लिहायचा. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो, कुळाचं ‘कुय’ आणि धुळ्याचं ‘धुयं’ होतं, त्यामुळे ‘ळ’ असलेलं नाव कागदावर ‘य’ने किंवा ‘ल’ने उतरलेलं असू शकतं. अशी सगळी रूपं आधी मनाशी मांडून मगच यादी चाळावी.

सनांचा घोळ वेगळाच. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. फसलीत, म्हणजे जुन्या महसुली सालात, ५९०, आणि ते साल जूनमध्ये मृगाला सुरू होतं. म्हणजे फसली १२९० हे १८८०-८१. पेशवाईतल्या कागदांत शुहूर सन अरबी शब्दांत असतो, ‘मया व अलफ’ म्हणजे अकराशे, ‘मयातैन व अलफ’ म्हणजे बाराशे. त्यात ५९९ मिळवायचे, आणि जानेवारी ते मे महिन्यांसाठी ६००.

जिल्ह्यांच्या आणि तालुक्यांच्या हद्दीही सारख्या बदलत गेल्या. १८१८पासून खान्देश एक जिल्हा होता. १८६९ला नाशिक जिल्हा झाला तेव्हा मालेगाव, बागलाण तिकडे गेले, म्हणून सटाण्याच्या घरांनी त्याआधीचे कागद खान्देशच्या दप्तरात पाहावेत. १९०६ला पूर्व आणि पश्चिम खान्देश झाले; १ जुलै १९९८ला धुळ्यातून नंदुरबार निघाला. १८८०च्या गॅझेटियरमध्ये साक्रीऐवजी पिंपळनेर आणि शिंदखेड्याऐवजी विरदेल हे तालुके भेटतील, आणि जळगावचा तालुका नशिराबाद या नावाने. शहाद्याचा माणूस नंदुरबारच्या अभिलेख कक्षात नकार ऐकून परत येतो, आणि कागद अजून धुळ्यात असतो.

त्यामागे जायचं असेल तर धुळ्याचं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ आहे. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ला धुळ्यातच वारले आणि पुढच्याच महिन्यात मंडळ उभं राहिलं. त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेली दप्तरं तिथे आहेत. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. तिथे आडनाव घेऊन जाऊ नये. परगणा, गाव आणि अंदाजे काळ घेऊन जावं.

मोजणी

आपल्या आडनावाची माणसं किती आणि कुठे, हे सरकार सांगत नाही. जनगणनेत आडनावांचा तक्ता नसतो. २०११ला जळगाव जिल्ह्यात ४२,२९,९१७, धुळ्यात २०,५०,८६२ आणि नंदुरबारात १६,४८,२९५ लोक होते. अनुसूचित जमातींचं प्रमाण नंदुरबारात सुमारे ६९ टक्के, धुळ्यात सुमारे ३२ आणि जळगावात सुमारे १४. नंदुरबारची आडनावं धुळे-जळगावपेक्षा इतकी वेगळी का, हे या आकड्यांवरून कळतं, पण त्यापुढे नाही. जगभरच्या आडनावांचे आकडे देणारी संकेतस्थळं रोमन स्पेलिंगवर अंदाज बांधतात. त्यांना खान्देशी पाटील आणि कोल्हापुरी पाटील एकच, आणि ‘सोनवणे’ची तीन स्पेलिंगं म्हणजे तीन आडनावं.

आपल्या गावापुरती मोजणी मतदार यादीवरून चांगली होते. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून गावाचा यादी भाग उतरवून घ्या. एका भागात साधारण हजारभर नावं असतात. पीडीएफमध्ये शब्द शोधायला जाऊ नका. बऱ्याच याद्या चित्ररूपात असतात, आणि ज्यांत अक्षरं आहेत त्यांत देवनागरी तुटलेली असते, त्यामुळे निम्मी नावं सुटतात. सरळ वही घ्या आणि घर क्रमांकानुसार मोजा. माणसं न मोजता घरं मोजा. एका घरात आठ मतदार आणि दुसऱ्यात दोन असतील तर माणसांच्या मोजणीने चित्र बिघडतं. प्रत्येक आडनावापुढे घरांची संख्या, आणि शेजारी माहितीतल्या माणसाला विचारून समाज व कुळ लिहा. ही शेवटची पायरी गाळली तर पाटलांची चाळीस घरं हा आकडा निरुपयोगी आहे. त्यांत अठ्ठावीस एका कुळाची, दहा दुसऱ्या, आणि दोन बाहेरून आलेली, असं कळलं तरच उपयोग.

एखाद्या आडनावाची एक-दोनच घरं असतील तर ते घर घरजावयाचं, नोकरीनिमित्त आलेल्याचं किंवा दत्तकाचं आहे का ते पाहा. घरजावई आपलं आडनाव ठेवतो, पण जमीन बायकोच्या माहेरची कसतो. सातबाऱ्यावर आडनाव बदललेलं दिसतं आणि वाटतं, जमीन विकली गेली. दत्तकात उलट होतं: जमीन आणि आडनाव तेच राहतं, वंश बदलतो. दत्तकपत्र नोंदवलेलं असेल तर दुय्यम निबंधकांकडे मिळतं.

गावातली यादी अपुरी पडते ती सुरतेमुळे. उधना, लिंबायत भागात खान्देशी कुटुंबं इतकी आहेत की काही गावांची निम्मी भाऊबंदकी तिकडेच आहे. तिथल्या याद्या गुजराती लिपीत असतात. लिपी आठवड्याभरात वाचता येते, तेवढे कष्ट घ्यावेत.

जात पडताळणीसाठी हे सगळं करणाऱ्यांनी तारखा डोळ्यांसमोर ठेवाव्यात. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. वंशावळीतल्या प्रत्येक नावापुढे कोणत्या कागदावरून ते घेतलं, हे लिहावं. ज्याला कागद नाही तिथे कोणी सांगितलं ते लिहावं. जुनं कुळनाव सापडल्याच्या आनंदात बरेच जण लगेच राजपत्रात आडनाव बदलून घेतात. पडताळणी बाकी असेल तर थांबा. वडिलांच्या दाखल्यावर पाटील, आजोबांच्या रजिस्टरात देवरे आणि अर्जदार पुन्हा देवरे, अशी उडी दिसली की समिती प्रत्येक बदलाचं प्रतिज्ञापत्र मागते आणि प्रकरण महिनोन्‌महिने अडकतं. आधी वैधता प्रमाणपत्र हातात घ्या, मग राजपत्राचा अर्ज करा, आणि त्याच्या पाच-सहा प्रती जपून ठेवा, कारण पुढे पासपोर्टपासून सातबाऱ्यापर्यंत सगळीकडे त्या मागतील.